फ्रेंच नाव ठेवायचंय? आधी त्याचं मूळ गाव विचारा

गेल्या श्रावणात एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "मॅडम, मुलगी झाली तर शांताल ठेवायचं ठरवलंय. इंटरनेटवर अर्थ दिलाय, गाणं. बायको गाते ना, म्हणून."

मी पुण्यात बरीच वर्षं फ्रेंच शिकवते, त्यामुळे असे फोन मला नवीन नाहीत. फ्रेंच शिकलेला माणूस बाप व्हायला लागला की त्याला अचानक मॅडम आठवतात. त्याला मी वाईट बातमी दिली. शांतालचा अर्थ गाणं नाही. फ्रेंचमध्ये गाण्याला 'शाँ' म्हणतात, तेवढ्या साम्यावर कुणीतरी अर्थ चिकटवला आणि ती यादी जगभर उतरवली गेली. शांताल हे मुळात एका जहागिरीचं नाव, दक्षिणेकडच्या ऑक्सितान भाषेतल्या दगड या अर्थाच्या शब्दावरून आलेलं. तिथल्या जहागीरदाराची बायको ज्यान द शांताल (1572–1641) हिनं नवरा गेल्यावर जोगिणींचा एक पंथ स्थापन केला, पुढे तिला संतपद मिळालं, आणि भक्तांनी तिच्या गावाचं नाव मुलींना ठेवायला सुरुवात केली. गाणं म्हणून घरी आणलं आणि निघाला धोंडा.

"म्हणजे वाईट का?" त्यानं विचारलं. अजिबात नाही. पण नाव ठेवायचं तर ते कुठून आलं हे माहीत असलेलं बरं. ते कसं शोधायचं, हे मी त्याला फोनवर जमेल तसं सांगितलं. इथे जरा सवडीनं सांगते.

पहिली पायरी : नाव आहे की नुसता शब्द?

यादी हातात आली की आधी ती चाळून घ्या. बेल (सुंदर), बो (देखणा), बिजू (दागिना), मिन्यों (गोंडस), शेरी (लाडके) हे फ्रेंच शब्द आहेत, पण फ्रान्समध्ये मुलांना अशी नावं सहसा कुणी ठेवत नाही. ही नावं फ्रान्सबाहेरच्या हौशी लोकांनी बनवली. 'शेरी' तर नवरा बायकोला हाक मारताना म्हणतो. मुलीचं नाव 'अगं ऐकलंस का' ठेवण्यातला प्रकार. तसंच शानेल, मोने, दिओर ही आडनावं आहेत. मुलीला 'कुलकर्णी' अशी हाक मारायची तयारी असेल तर जरूर ठेवा.

दुसरी पायरी : मूळ शोधा

इथे थोडं थांबावं लागेल, कारण खरी गंमत इथेच आहे. फ्रेंच नाव बहुतेक वेळा मुळात फ्रेंच नसतंच. भाषा लॅटिनची लेक, राज्य केलं जर्मन वंशाच्या फ्रँक लोकांनी, धर्म आला हिब्रू आणि ग्रीक ग्रंथांतून, आणि पश्चिमेकडच्या ब्रिटनी प्रांतात केल्टिक वंशातली ब्रेतों भाषा. आपल्याकडे रामचंद्र आणि गुलाबराव एकाच पंगतीला बसतात आणि गुलाब फारसी आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही, तसंच तिथे.

लॅटिन नावं सगळ्यात सोपी, कारण त्यांचे मराठी जुळे लगेच सापडतात. क्लेर म्हणजे स्वच्छ, तेजस्वी, आपली उज्ज्वला. ल्युसीच्या पोटात प्रकाश आहे, म्हणजे ज्योती. ओरोर म्हणजे पहाट, थेट उषा. सिल्व्ही रानातली. एमे म्हणजे प्रिया. विक्तोर आपला विजय, फेलिक्स आनंद, लेओं सिंह. रने म्हणजे पुन्हा जन्मलेला, आणि हे मुलाचं नाव आहे. तत्त्वज्ञ देकार्तचं हेच नाव. बनुआ म्हणजे ज्याला आशीर्वाद मिळालाय तो. नोएल नाताळचा, पास्काल ईस्टरचा; आपल्याकडे दिवाळीत जन्मलेली दीपाली असते त्यातलाच प्रकार.

ग्रीक नावंही अर्थानं गोड असतात. सोफी म्हणजे शहाणपण, म्हणजे प्रज्ञा. झोए म्हणजे जीवन. क्लोए म्हणजे कोवळा हिरवा कोंब. अंकुर हे नाव आपण मुलाला ठेवतो, ते मुलीला. आगात म्हणजे चांगली. फिलीप म्हणजे घोड्यांवर जीव असलेला. मार्गरीत म्हणजे मोती, आपली मुक्ता. पण फ्रेंच भाषेत 'मार्गरीत' हे पांढऱ्या पाकळ्यांच्या, पिवळ्या डोळ्याच्या त्या साध्या रानफुलाचंही नाव आहे. त्यामुळे फ्रेंच माणसाला हे नाव ऐकून मोती आठवत नाही, फूल आठवतं. दोन्ही अर्थ खरेच.

एत्येन आणि स्तेफान ही दोन नावं शेजारी ठेवून बघा. दोन्ही एकच, ग्रीक 'स्तेफानोस' म्हणजे मुकुट. एक लोकांच्या तोंडात हजार वर्षं झिजलं, दुसरं पोथीतून जसंच्या तसं उचललं. आपल्याकडे कृष्ण आणि कान्हा, लक्ष्मण आणि लखू. झिजताना फ्रेंचमध्ये सुरुवातीचा 'स' गळतो आणि त्याच्या जागी 'ए' उरतो. लॅटिनमधली 'स्तेला', म्हणजे तारा, फ्रेंचमध्ये 'एत्वाल' होते, ती अशीच.

जर्मन मुळाची नावं वेगळ्या बांधणीची. दोन शब्द घ्यायचे आणि जोडायचे. बहुतेक शब्द लढाई, कीर्ती, सत्ता, हिंमत यांतले. रोबेर म्हणजे कीर्ती आणि तेज. गियोम म्हणजे इच्छा आणि शिरस्त्राण. इंग्रजांचा विल्यम तो हाच. आंरी म्हणजे घर आणि सत्ता. मातिल्द म्हणजे बळ आणि युद्ध. त्यांचं वाक्य करायला जाऊ नका. 'युद्धात बळ दाखवणारी' वगैरे अर्थ यादीवाले ठोकून देतात, पण फ्रँक आईबाप आजीच्या नावातला एक तुकडा आणि काकाच्या नावातला एक तुकडा घेऊन नवीन नाव जोडत असत. अर्थ लागला तर लागला.

या सगळ्यांत लुईची कथा मला सर्वांत आवडते. फ्रँकांचा पहिला मोठा राजा, साधारण 500 सालच्या सुमाराचा, त्याचं नाव होतं ख्लोदोवेख : कीर्ती आणि लढाई. तोंडात घोळत घोळत त्याचं क्लोविस झालं. पुढे सुरुवातीचा खरखरीत 'ख' गळून पडला, लॅटिन कागदांत लुदोविकुस उरलं, आणि तेही झिजत झिजत दोन अक्षरी लुई झालं. या नावाचे राजे मोजत मोजत अठरापर्यंत आकडा गेला. सोळाव्याचं डोकं 1793 साली उडवलं, तरी नाव टिकलं. शाळेच्या पुस्तकात आपल्याला भेटलेले लुई ब्रेल आणि लुई पाश्चर म्हणजे त्या ख्लोदोवेखचेच नामबंधू. जर्मनांचा लुडविग हाही तोच.

हिब्रू नावांत 'एल' म्हणजे देव. गाब्रिएल म्हणजे देव माझं बळ, राफाएल म्हणजे देव बरं करतो, मिशेल म्हणजे देवासारखा कोण? मात्र शेवटी एल दिसला की देव आला असं समजू नका. मायेल हे ब्रेतों नाव आहे आणि त्याचा अर्थ राजपुत्र, सरदार. ज्याँ आणि ज्यान यांचं मूळ 'योहानान', म्हणजे देवाची कृपा. आनमध्येही कृपाच आहे.

जाता जाता एक. आपल्या देवदत्ताला तिथे भावंडं किती असावीत! तेओदोर ग्रीकातून, मात्यो आणि नातानाएल हिब्रूतून, दिअदोने सरळ फ्रेंचमधून, आणि बहीण दोरोते. सगळ्यांचा अर्थ एकच, देवानं दिलेला. मुलासाठी तळमळलेले आईबाप सगळीकडे सारखेच.

ब्रेतों नावांची हल्ली चलती आहे. ग्वेनाएल (यातला 'ग्वेन' म्हणजे शुभ्र, पवित्र), एर्वान, रोनान, यान. यातलं फान्श हे फ्रान्स्वाचं घरगुती रूप कोर्टात गाजलं. ते लिहिताना 'एन'वर नागमोडी रेघ लागते. 2017 साली कँपेर गावात एका बाळाच्या नावावर ती रेघ आली, तेव्हा ती फ्रेंच नाही म्हणून सरकारी वकिलानं हरकत घेतली. खालच्या कोर्टात आईबाप हरले, 2018 मध्ये रेनच्या अपील कोर्टात जिंकले आणि 2019 मध्ये सर्वोच्च पातळीवर ते प्रकरण मिटलं. एका रेघेसाठी दोन वर्षं.

आता एक नाजूक गोष्ट. काही सुंदर नावांचे मूळ अर्थ ऐकून आजी देव पाण्यात घालतील. क्लोद म्हणजे लंगडा. सेसील म्हणजे आंधळी. लेआचा अर्थ थकलेली असा लावतात. पण पॅरिसमधली आई मुलीचं नाव सेसील ठेवते तेव्हा तिच्या मनात आंधळेपण नसतं. सेसील ही संगीताची संत, तिच्या दिवशी, 22 नोव्हेंबरला, तिथे वाद्यवृंदांचे कार्यक्रम होतात. गाणाऱ्या आईच्या मुलीला मी शांतालऐवजी हेच नाव सुचवलं. आंधळी म्हटल्यावर फोनवर जी शांतता पसरली ती मला अजून आठवते. मी म्हटलं, अरे, आपल्याकडे धोंडू आणि केरबा मुद्दाम ठेवायचे की!

तिसरी पायरी : नाव कुणी चालवलं?

व्युत्पत्ती हा नावाचा अर्धाच अर्थ. उरलेला अर्धा ते नाव कुणी वागवलं यात असतो, आणि फ्रान्समध्ये तो बहुतेक वेळा कुणी संत असतो.

तिथे वर्षाच्या प्रत्येक दिवसावर कुणा ना कुणाचं नाव आहे. 3 जानेवारी जनव्हिएव्ह, ही पॅरिसची रक्षणकर्ती. 19 मे ईव्ह, 24 जून ज्याँ, 26 जुलै आन, 11 ऑगस्ट क्लेर, 25 ऑगस्ट लुई, 6 डिसेंबर निकोला. टपाल खात्याचं कॅलेंडर वर्षअखेरीला पोस्टमन दारात घेऊन येतो, लोक खुशीनं पैसे देतात आणि ते स्वयंपाकघरात टांगतात. आपल्या कालनिर्णयासारखंच, तिथी-नक्षत्राच्या जागी संताचं नाव. हवामानाच्या बातम्यांतही उद्या कुणाचा दिवस ते सांगतात. तुम्ही निवडलेल्या नावाचा दिवस कोणता, हे बघून ठेवा. मुलाला वर्षातून दुसऱ्यांदा केक मिळायला निमित्त.

या कॅलेंडरला एके काळी कायद्याचं बळ होतं. क्रांतीच्या धामधुमीत संत हद्दपार झाले, नवीन पंचांग आलं, त्यात दिवसांना झाडं, भाज्या, अवजारं यांची नावं दिली गेली आणि काही आईबापांनी ती उत्साहानं मुलांना ठेवलीही. मग 1803 मध्ये कायदा झाला : नाव निरनिराळ्या कॅलेंडरांतलं किंवा प्राचीन इतिहासातल्या माणसाचं हवं. गंमत म्हणजे या कायद्यावर तारीख आहे क्रांतीच्याच पंचांगातली, 11 जर्मिनाल, वर्ष 11. काळानुसार त्यात ढील मिळत गेली, पण पूर्ण मोकळीक आली ती 8 जानेवारी 1993च्या कायद्यानं. आता आईबाप हवं ते नाव ठेवू शकतात. नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला ते मुलाच्या हिताविरुद्ध वाटलं तर तो सरकारी वकिलाला कळवतो आणि निर्णय न्यायाधीश देतो. उत्तर फ्रान्समध्ये एका जोडप्यानं मुलीचं नाव चॉकलेटच्या लोण्यावरून न्यूटेला ठेवलं होतं. कोर्टानं पुढचा भाग कापला आणि 'एला' ठेवली. न्यायाधीशाला कात्री बरी चालवता येत होती.

संतांच्याच वाटेनं ही नावं आपल्याकडेही आली. वांद्रे, वसई, गोवा या भागांत लहानपण गेलं असेल तर बर्नाडेट, अ‍ॅनेट, यव्हेट, मिशेल या मावश्या तुम्हाला ठाऊक असतीलच. बर्नाडेट ही लूर्द गावची. 1858 साली तिला, चौदा वर्षांच्या गरीब मुलीला, गुहेत मारियेचं दर्शन झालं असं मानतात आणि त्या गावाचं नाव गोव्यात पोर्तुगीज वळणानं मुलींचं नाव होऊन बसलं. आणि तेरेझ : लिझ्यो गावच्या मठातली, 1897 साली चोविसाव्या वर्षी वारलेली जोगीण. मदर तेरेसांनी नाव घेतलं ते तिचं. त्या नावाचं फ्रेंच रूप आधीच दुसऱ्या एका जोगिणीकडे होतं, म्हणून त्यांनी स्पॅनिश वळण उचललं.

संत नसेल तर कवी. मिरेय हे दक्षिणेकडचं नाव फ्रेदेरिक मिस्त्राल या कवीच्या 1859 सालच्या, प्रोव्हान्साल भाषेतल्या काव्यामुळे देशभर पसरलं. याच कवीला 1904 सालचं नोबेल विभागून मिळालं.

चौथी पायरी : शेपूट बघा

'एत' म्हणजे लहान. सिगारेट म्हणजे लहान सिगार, कॅसेट म्हणजे छोटी पेटी. हे शब्द आपण रोज वापरतो, पण त्यातलं शेपूट फ्रेंच आहे हे डोक्यात नसतं. तसंच आनेत म्हणजे छोटी आन, ज्युलियेत छोटी ज्युली, आंरियेत ही आंरीचं स्त्रीरूप. 'ओं' आणि 'ओ' हीसुद्धा लाडाचीच शेपटं : मारीची मानों, मार्गरीतची मार्गो, पिएरचा पिएरो. आपल्या घरात सुमनची सुमी होते, पण ती रेशनकार्डावर जात नाही. तिथे मानों आणि मार्गो थेट जन्मदाखल्यावर जातात.

मुलगा की मुलगी, यात मात्र फसगत होते. ज्याँ पुरुष आहे. त्याच स्पेलिंगची इंग्रजीतली जीन बाई. ज्याँ-मारी हा पुरुष, मारी-ज्यान ही बाई. जोडनावात साधारणपणे पहिलं नाव खरं धरायचं. कामीय, दोमिनिक, क्लोद दोघांनाही चालतात. सोळाव्या शतकात क्लोद नावाची राणी होती, तिच्या नावाचे हिरवे प्लम आजही बाजारात मिळतात. आणि चित्रकार मोने हाही क्लोदच. शिवाय पास्काल, मिशेल, आंद्रे, रने या नावांत स्त्री-पुरुष फरक फक्त लिहिताना दिसतो, कानाला ऐकू येत नाही.

पाचवी पायरी : मोठ्यानं म्हणून बघा

इंग्रजी स्पेलिंग वाचून फ्रेंच नाव म्हणायला गेलात तर ते नाव राहत नाही. पण मराठी माणसाला एक मोठा फायदा आहे, तो वाया घालवू नका. फ्रेंच त आणि द आपल्यासारखे दाती आहेत. इंग्रजीच्या नादानं आपण शार्लट म्हणतो. शार्लोत म्हटलं की काम फत्ते. 'टीएच' दिसलं तरी साधा त : तेओ, तोमा, मातिल्द. अनुनासिकही आपल्याला परके नाहीत. मात्र शेवटचा 'न' जिभेवर येऊ द्यायचा नाही, सूर नाकातच विरवायचा : ज्याँ, मानों, लेओं.

बाकी थोडे नियम. शेवटचा 'एस' बहुधा गप्प : निकोला, दनी, लुई. पण आन्येस आणि इनेसमध्ये तो बोलतो. 'एच' कधीच बोलत नाही, म्हणून एलेन आणि आंरी. आपला व्हिक्टर ह्यूगो तिथे युगो. 'सीएच'चा श होतो, पण शब्द ग्रीक असला तर क, म्हणून क्लोए. 'जे' हा ना आपला ज ना झ. श म्हणत राहा आणि तसंच गळा घुमवा, तो येईल. ज्युली, ल्युसी यांतल्या 'यु'साठी ओठ ऊ म्हणतानासारखे गोल करायचे आणि तोंडात ई म्हणायची. पहिल्या दिवशी माझा सगळा वर्ग शिट्टी वाजवल्यासारखा दिसतो.

एमिली आणि आमेली एकच समजू नका. पहिली लॅटिन, स्पर्धेच्या अर्थाची. दुसरी जर्मन, कष्टाच्या अर्थाची. दोन बहिणींना ठेवली तर आयुष्यभर घोटाळा.

सहावी पायरी : नावाचं वय विचारा

हे कुठलीच यादी सांगत नाही. शांताल, मोनिक, मार्तीन ही नावं आपल्याला अत्तरासारखी वाटतात, पण फ्रान्समध्ये ती आज्यांची आहेत. पॅरिसच्या पाळणाघरात मोनिक म्हणजे पुण्याच्या पाळणाघरात शकुंतला. नाताली, इझाबेल, फिलीप, तिएरी ही साठच्या दशकातली मंडळी. सेलीन आणि स्तेफानी सत्तरच्या. ओरेली आणि एलोदी ऐंशीच्या. 1991 साली मुलांमध्ये सगळ्यात जास्त ठेवलेलं नाव होतं केविन, मूळचं आयरिश, टीव्ही-सिनेमातून आलेलं. त्या पिढीच्या केविनांची अजून चेष्टा होते, नोकरीचा अर्ज करताना नावाचा त्रास होतो असंही ते सांगतात.

उलट पणज्यांची नावं परत आली आहेत. लुईज, रोज, अलीस, ज्यान, ज्यूल, लेओं. आपल्याकडे रमा, सई, जिजा परत आल्या तशा. 2023 साली पहिल्या नंबरावर लुईज आणि गाब्रिएल होते. जाद आणि आंब्र ही खड्यांची नावंही वरच्या रांगेत आहेत. आंब्र मूळचं अरबी, ज्यावरून आपण अंबर अत्तर म्हणतो तोच शब्द.

तपासायला सोपा मार्ग आहे. इन्से या फ्रान्सच्या सरकारी सांख्यिकी संस्थेकडे 1900 सालापासूनच्या नावांचे आकडे आहेत आणि ते कुणालाही फुकट बघता येतात. नाव टाका, आलेख बघा. शिखर 1950च्या आसपास असेल तर ती आजी.

सातवी पायरी : दोन्ही घरांत चालेल का?

फ्रान्समध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना उलटा प्रश्न पडतो. मराठी नावाचं तिथे काय होतं? ह उडतो, त्यामुळे हेमाची एमा होते आणि शाळेत तिच्यासारख्या आणखी चार असतात. चेतनचा होतो शतां. सचिनचा साशँ. पूजाच्या स्पेलिंगमध्ये एकच 'यू' लिहिलात तर प्युजा. आपला ऊ हवा असेल तर 'ओ-यू' लिहावं लागतं, पण मग भारतात लोक पौजा वाचतात. माझं मत विचाराल तर स्पेलिंगची ओढाताण न करता च, ह, ज नसलेलं नाव शोधावं. माया, मीरा, तारा, नीना, लीला कुठेच अडत नाहीत. अमी ऐकून फ्रेंच माणसाला मैत्रीण आठवेल. रोहन तर तिथे रोआँ होतो आणि सरदार होतो, कारण रोआँ हे ब्रिटनीचं जुनं उमराव घराणं. स्ट्रासबुर्गमध्ये त्यांचा वाडा आहे. एकच काळजी घ्या. पॅरिसच्या बागेत मुलाला काकाला हाक मारू देऊ नका. 'काका' हा तिथल्या पोरांचा शीसाठीचा शब्द आहे.

मधल्या नावाची आपली पद्धत तिथे नाही. दुसरं-तिसरं नाव ठेवतात ते आजोबांचं, आजीचं, धर्मपित्याचं. त्या जागी वडिलांचं नाव लिहिलंत तर तेही मुलाचंच दुसरं नाव धरलं जाईल. मुलीच्या दाखल्यावर 'मीरा, प्रकाश' असं उमटलं तर दचकू नका. आणि क्लोए, झोए, आनाइस यांच्या डोक्यावरच्या रेघा-टिंबं भारतीय पासपोर्टवर उतरत नाहीत. दोन देशांच्या कागदांवर दोन रूपं नको असतील तर त्याविना चालणारं नाव बरं.

सगळ्यात अडचणीची गोष्ट वेळेची. तिथे जन्माची नोंद पाच दिवसांत करावी लागते, बाळ जिथे जन्मलं तिथल्या 'मेरी'त, म्हणजे नगरपालिकेच्या कार्यालयात, आणि नाव तेव्हाच द्यावं लागतं. आपल्याकडे जन्मनोंद नावाशिवाय होते, नाव मागाहून घालता येतं. पाळण्यात घालून, कानात कुर्र करून, आत्याला विचारून बाराव्या दिवशी ठरवलं तरी चालतं. फ्रान्समध्ये आत्याला व्हिडिओ कॉलवर घ्या आणि पाचव्या दिवसाच्या आत घ्या.

माझ्या विद्यार्थ्याला ही घाई नव्हती, तो हडपसरला राहतो. सेसीलवर त्याच्या घरात दोन महिने चर्चा चालली. आईचा आंधळीला सक्त विरोध, बायको संगीताच्या संतावर ठाम. दिवाळीच्या आधी त्याचा पुन्हा फोन आला.

"मॅडम, मुलगा झाला."

आता लुई की लेओं यावर वाद चाललाय. आत्यानं मध्येच 'देवदत्त' सुचवलंय.